विहिरीतला श्वास आणि पाणबुड्याचा रेग्युलेटर



मोखाड्याकडचा एक तरुण मागच्या महिन्यात दवाखान्यात आला. तारकर्लीला स्क्युबा शिकला, आता तिथेच पर्यटकांना घेऊन पाण्यात उतरतो. पुढे त्याला टेक्निकल डायव्हिंग करायचंय. म्हणजे चाळीस मीटरच्या खाली जायचं, वेगवेगळे वायू वापरायचे आणि टप्प्याटप्प्याने थांबत वर यायचं. फिटनेसचा फॉर्म माझ्यापुढे ठेवत त्याने विचारलं, "डॉक्टर, एक जुना रेग्युलेटर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?"

जव्हारच्या डोंगरात बसलेल्या फिजिशियनला विचारायचा हा प्रश्न आहे का, असं तुम्हाला वाटेल. मला मात्र तो माझ्याच खात्यातला वाटला. रेग्युलेटर हे श्वासाचं यंत्र आहे, आणि त्याचा जन्म समुद्रात नाही, जमिनीखालच्या घाण हवेत झाला.

आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात आणि गाळ काढायला माणसं आत उतरतात. जुनी माणसं आधी कंदील सोडून बघायची. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. (कंदील ऑक्सिजन कमी झाल्याचं सांगतो, विषारी वायूचं सांगत नाही. विहिरीत डिझेल इंजिन चालवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा त्याला पत्ताच लागत नाही.) एक माणूस कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. एकाच्या जागी तीन जातात. म्हणून आधीच सांगून ठेवतो: दोर बांधल्याशिवाय आणि वर धरणारे असल्याशिवाय उतरू नका, आणि आत कोणी बेशुद्ध पडलं तर मागोमाग उडी घेऊ नका.

फ्रान्समधल्या बेनुआ रुकेरोल या खाण अभियंत्यापुढे हाच प्रश्न होता. घाण हवेत अडकलेल्या कामगाराला काढायला जाणारा माणूस श्वास कसा घेणार? 1860 मध्ये त्याने एका यंत्राचं पेटंट घेतलं. हवेची टाकी, तिच्यावर एक लवचीक पडदा आणि पडद्याला जोडलेली झडप. तुम्ही श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, झडप उघडते आणि हवा येते. ओढणं थांबलं की झडप बंद. मागाल तेव्हाच आणि मागाल तेवढंच. नौदलातल्या ओग्युस्त देनेरूझने 1864 मध्ये हे यंत्र पाण्याखाली नेलं. ज्यूल व्हर्नने समुद्राखालच्या प्रवासाच्या आपल्या कादंबरीत या दोघांची नावं घेतली आहेत. पण त्या काळच्या टाकीत फार दाब मावत नसे, त्यामुळे बहुतेक वेळा वरून पंपाची नळी लागायचीच.

इथे गोष्ट थोडी बाजूला, माझ्या आवडत्या माणसाकडे नेतो. जॉन स्कॉट हाल्डेन. खाणींतली विषारी हवा तपासत त्याने आयुष्य घालवलं. आपला श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेपेक्षा रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडच्या तालावर चालतो, हे त्याने प्रीस्टलीबरोबर 1905 मध्ये दाखवलं. पाणबुड्याने टप्प्याटप्प्याने वर यावं, हे त्याने 1908 मध्ये सहकाऱ्यांसह बकऱ्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं. त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन बकऱ्यांवर थांबला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो स्वतःच दाबाच्या टाकीत बसला आणि जास्त दाबाच्या ऑक्सिजनने झटका येऊन त्याच्या पाठीचे मणके चेपले. हाच हाल्डेन 1957 मध्ये भारतात आला, पुढे भारतीय नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.

युद्धामुळे फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना. गाड्या गॅसवर चालवायच्या म्हणून एमिल गान्यां या अभियंत्याने गॅस मोजून सोडणारी झडप बनवली होती. तीच त्याने झाक कुस्तोसाठी बदलली. 1943 च्या जानेवारीत मार्न नदीत चाचणी झाली ती फसली. आडवं पोहताना ठीक, पण उभं राहिलं की हवा आपोआप वाहायला लागे आणि डोकं खाली केलं की ओढवेना. कारण साधं निघालं. हवा बाहेर जायची जागा आणि पडदा वेगवेगळ्या खोलीवर, म्हणजे वेगवेगळ्या दाबात होते. दोन्ही एका जागी आणल्यावर यंत्र चाललं. पुढे 1952 मध्ये मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने एका नळीचा रेग्युलेटर बाजारात आणला. पहिला टप्पा टाकीवर, दुसरा तोंडापाशी. आज तारकर्लीला तुमच्या तोंडात देतात तो याच घराण्यातला.

मग माणसं खोल जाऊ लागली. कुस्तोचा सहकारी मोरिस फार्ग 1947 मध्ये साधी हवा घेऊन सुमारे 120 मीटरपर्यंत गेला आणि मेला. एवढ्या दाबाखाली नायट्रोजन दारूसारखा चढतो. म्हणून खोल जाणारे श्वासाच्या वायूत हेलियम मिसळतात. हेलियमचं नाव निघालं की आपल्याला विजयदुर्गावरचे 'साहेबाचे ओटे' आठवतात. 18 ऑगस्ट 1868 चं सूर्यग्रहण आणि लॉकियरचा शोध तिथे सांगतात. खरं तर त्या ग्रहणात जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियरने ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. ओटे मात्र बघण्यासारखे आहेत.

हेलियमचा दुसरा गुण मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो हलका आहे. चाळीस मीटरवर हवा पाचपट दाट होते. उसाचा रस आणि काकवी एकाच नळीतून ओढून बघा. उदाहरण ढोबळ आहे, पण कल्पना येईल. श्वास ओढायला आणि सोडायला जोर लागला की तो उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. डोकं दुखतं, धाप लागते, घाबरं होतं, शुद्ध हरपते. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतानाही! 8 जानेवारी 2005 ला डेव्हिड शॉ हा अनुभवी डायव्हर दक्षिण आफ्रिकेतल्या एका बुडालेल्या गुहेत 270 मीटरवर असाच गेला. त्याचं श्वासयंत्र वेगळ्या जातीचं होतं, बिघडलंही नव्हतं. दाट वायू आणि तळाशी करावे लागलेले श्रम यांत तो गेला. टोपीवरच्या कॅमेऱ्यात त्याचा वाढत गेलेला श्वास नोंदला गेला आहे.

त्या मुलाला मी म्हटलं, किंमत नंतर. आधी तो रेग्युलेटर 'बॅलन्स्ड' आहे का ते बघ, म्हणजे टाकी रिकामी होत आली तरी श्वास जड होणार नाही. युरोपचं ईएन 250 मानक 50 मीटरच्या दाबाला दर लिटरमागे श्वासाचे श्रम मोजतं. तो शिक्का असू दे. टाकीला जोडायला आट्यांची डीआयएन जोडणी घे. बॅलन्स्ड जुना मिळाला तर घे, पण सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धर आणि त्याचे सुटे भाग भारतात मिळतात का ते आधी विचार. बाहेरची चमक आणि जादा नॉब यांना पैसे देऊ नकोस. तेच पैसे दुसऱ्या संपूर्ण रेग्युलेटरसाठी ठेव, कारण त्या खोलीवर एकावर भागत नाही. चांगला रेग्युलेटर बिघडला तर सहसा बंद न पडता वाहत सुटतो. श्वास मिळतो, पण टाकी भराभर संपते.

सर्व्हिसिंगवर मी इतका अडून बसतो त्याला कारण आहे. एकदा एका रुग्णवाहिकेत धाप लागलेला पेशंट पाठवताना ऑक्सिजनची टाकी गच्च भरलेली होती, पण जोडणीतली वॉशर फाटलेली. सगळा ऑक्सिजन फुस्स करून बाहेर. काही रुपयांची वॉशर! दुसरी गाडी येईपर्यंतची ती मिनिटं मला अजून आठवतात. शिवाय ऑक्सिजनच्या जोडणीला तेल-ग्रीस लागलं तर आग लागू शकते, हा दवाखान्याचा नियम डायव्हरलाही लागू आहे. वर येताना ऑक्सिजन वापरणार असशील तर त्यासाठी साफ केलेला वेगळा रेग्युलेटर हवा.

फॉर्मवर मी अजून सही केलेली नाही. बोलता बोलता त्याने सांगितलं की आठवीत असताना त्याला टीबी झाला होता, औषधं पूर्ण घेतली. आपल्या भागात हे ऐकण्याची मला सवय आहे. जुन्या टीबीचा व्रण किंवा पोकळी फुफ्फुसात उरली असेल तर वर येताना तिथली हवा फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. तो आधीच पर्यटकांबरोबर उतरत होता हे ऐकून मला घाम फुटला. छातीचा सीटी स्कॅन लिहून दिलाय आणि तोवर पाण्यात उतरू नकोस असं बजावलंय. रिपोर्ट चांगला आला तरी डायव्हिंगचं वैद्यकशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरला दाखवूनच मी सही करीन. रेग्युलेटरवाल्याला त्याने पंधरा दिवस थांबायला सांगितलंय.