टाका कोणाला घालायचा?

गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालण्याची ही पद्धत मुंबईची. मूळचे गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी ती १९५५ मध्ये मांडली. चौथ्या ते सातव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ गमावणाऱ्या बाईच्या मांडीतूनच ते स्नायूआवरणाची पट्टी काढत आणि त्या पट्टीने गर्भाशयमुख आवळून घेत.

पण टाका कोणाला घालायचा, हे ठरवायला हाताशी दोनच गोष्टी होत्या: बाईची पूर्वहकिगत आणि डॉक्टरांचं बोट. बोट पोचतं बाहेरच्या तोंडापर्यंत. मुख मात्र बहुधा आतल्या टोकाकडून उघडू लागतं. बाहेरून ते मिटलेलं दिसत असतानाच त्याची बरीच लांबी संपलेली असते. त्यामुळे निदानाची किंमत बाईला मूल गमावून मोजावी लागे. ही किंमत फार मोठी होती.

ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी सहकाऱ्यांसह १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी काढलेली पोटातली चित्रं प्रसिद्ध केली. पुढे गर्भ दिसू लागला, त्याचं डोकं मोजता येऊ लागलं. गर्भाशयमुखाने मात्र हुलकावणीच दिली. पोटावरून पाहायचं तर मूत्राशय भरलेलं लागे, आणि त्याच्या दाबाने मुख आहे त्याहून लांब दिसे. १९८०च्या दशकात योनीमार्गातून करायची सोनोग्राफी रुळली, तेव्हा ही अडचण सुटली. आता उलट लघवी करून यायला सांगतात. प्रोबही हलकाच धरावा लागतो, कारण जोर दिला की माप फसतं.

१९९६ मध्ये अमेरिकेत जे आयम्स आणि सहकाऱ्यांनी २,९१५ गर्भवतींची मापं प्रसिद्ध केली. चोविसाव्या आठवड्यात सरासरी लांबी सुमारे ३५ मिलिमीटर भरली. ती जितकी कमी, तितका अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका जास्त. मुख एक तर पक्कं नाही तर निकामी, ही जुनी विभागणी इथेच मोडली.

मग माप आखूड आलं की टाका घालावा का? लंडनच्या किप्रॉस निकोलाइडीस यांच्या गटाने ४७ हजारांवर गर्भवती तपासल्या आणि मुख १५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलेल्यांत शिरोडकर टाक्याचीच चाचणी घेतली. २००४ मध्ये आलेल्या निकालात ३३ आठवड्यांआधीची प्रसूती टाका घातलेल्यांत २२ टक्के, न घातलेल्यांत २६ टक्के होती. हा फरक निर्णायक नव्हता. टाक्याचा स्पष्ट फायदा दिसला तो २००९च्या अमेरिकी चाचणीत, आधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेल्या आणि आता मुख १५ मिलिमीटरहूनही आखूड झालेल्या बायकांत.

ज्यांच्या पूर्वहकिगतीत काहीच नव्हतं, त्यांच्यासाठीचा मार्ग निकोलाइडीस यांच्याच गटाने २००७ मध्ये दाखवला होता. रोज रात्री योनीमार्गात २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन ठेवल्यावर आखूड मुखाच्या गर्भवतींत ३४ आठवड्यांआधीच्या प्रसूती ३४.४ वरून १९.२ टक्क्यांवर आल्या. आता पहिलटकरणीलाही एकही मूल न गमावता वेळेत उपचार मिळू शकतो.