परीक्षेची परीक्षा

इ. स. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें जीं तीन विद्यापीठें स्थापन झालीं, तीं आरंभीं स्वतः शिकवीत नव्हतीं. शिकविण्याचें काम महाविद्यालयांचें. विद्यापीठाचें काम परीक्षा घेऊन पदवी देण्याचें. हा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. मुंबईच्या पहिल्या प्रवेशपरीक्षेस १८५९ सालीं १३२ विद्यार्थी बसले, त्यांतले २२ उत्तीर्ण झाले. १८६२ सालच्या पहिल्या चार पदवीधरांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. असे पदवीधर पाहून परीक्षेच्या तराजूवर लोकांचा विश्वास बसावा हें स्वाभाविकच होतें. तराजू स्वतः कितपत खरा, हा प्रश्न मात्र मागें राहिला.

तो ज्यांनीं नेटानें विचारला, त्यांत सर फिलिप हार्टॉग यांचें नांव प्रामुख्यानें घ्यावें लागतें. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. १९०३ पासून ते लंडन विद्यापीठाचे रजिस्ट्रार होते. १९१७ ते १९१९ या काळांत कलकत्ता विद्यापीठाची चौकशी करणाऱ्या सॅडलर कमिशनचे सभासद झाले. आणि पुढें डाक्का विद्यापीठाचे पहिले कुलगुरु. १९२१ सालीं सुरू झालेलें हें विद्यापीठ निव्वळ परीक्षा घेणारें नव्हतें. तें शिकविणारें व विद्यार्थ्यांस आपल्याजवळ ठेवणारें होतें. प्रयोगशाळेंत वजन करण्यापूर्वीं तराजू पारखतात. हार्टॉग यांनीं तीच शिस्त परीक्षेस लाविली.

१९३५ सालीं त्यांनीं संख्याशास्त्रज्ञ ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह इंग्लंडांतील एका चौकशीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शालान्त परीक्षेंतील इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका निवडल्या होत्या. त्या सर्वांना मूळ परीक्षेंत सारखेच मध्यम गुण मिळालेले. त्या अनुभवी परीक्षकांकडून पुन्हां तपासून घेतल्या, आणि वर्षभराहून अधिक काळ लोटल्यावर त्यांतील १४ परीक्षकांकडे त्याच पत्रिका परत दिल्या. एकूण २१० निर्णयांपैकीं ९२ वेळां परीक्षकानें आपलाच पूर्वीचा निर्णय फिरविला! पहिल्या खेपेचा उत्तीर्ण दुसऱ्या खेपेस अनुत्तीर्ण ठरावा, असाहि प्रकार त्यांत होता.

परीक्षक अप्रामाणिक नव्हते. पाठांतर, भाषा, विचार व मांडणी यांचें मोल एकाच आंकड्यांत कोंबावयाचें, आणि कशास किती महत्त्व हें ज्याच्या त्याच्या मनावर सोडावयाचें, तर याहून निराळें कांहीं घडणार नाहीं. चौकशी शालेय परीक्षेची असली, तरी विद्यापीठांची निबंधवजा परीक्षा याच जातीची होय. म्हणून परीक्षेचा हेतु काय, हें आधीं स्पष्ट ठरवावें असा हार्टॉग यांचा आग्रह असे; १९१८ सालच्या आपल्या पुस्तकांतहि त्यांनीं परीक्षेचा संस्कृतीशीं व कार्यक्षमतेशीं असलेला संबंधच तपासला होता. पदवीधराला नेमकें काय करतां येतें, हें जी पदवी सांगूं शकत नाहीं, तिच्यावरील गुणांचे आंकडे कितीहि सूक्ष्म असले तरी व्यर्थ.

स्वतंत्र भारतांत १९४८-४९ च्या राधाकृष्णन् आयोगानें हाच धागा उचलला. विद्यापीठीय शिक्षणांत एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षेचीच, असा त्याचा अभिप्राय पडला. आणि एकतृतीयांश गुण वर्षभरांतील कामास ठेवावे अशी शिफारस त्यानें केली. त्यामागील विचार सरळ आहे. तीन तासांच्या उत्तरपत्रिकेंत विद्यार्थ्याचें एक दिवसाचें चित्र उमटतें. त्याच्या वाचनाची, प्रयोगांतील हाताची, शंका विचारण्याच्या बुद्धीची ओळख शिक्षकालाच वर्षभरांत पटते. अर्थात् त्यालाहि निःपक्षपातीपणा हवा, आणि त्याचेंहि माप अधूनमधून तपासलें पाहिजे. पदवीपत्रावर नांव विद्यार्थ्याचें असतें, परंतु त्यांतील ग्वाही विद्यापीठाची असते. ती खोटी ठरल्यास नुकसान दोघांचेंहि होतें.