वापर शून्य, दार बंद

सोमवार, १४ डिसेंबर २०२०. वेळा भारतीय. त्या दिवशी सोमवती अमावस्या होती आणि तिकडे चिली-अर्जेंटिनात खग्रास सूर्यग्रहण. गुगल ठप्प झाल्याचं कारण ज्यांना त्यात शोधायचं होतं, त्यांनी शोधलंच असेल. खरं कारण दोन महिने आधीचं आणि फार रटाळ आहे.

ऑक्टोबर
जी सूटचं ‘गुगल वर्कस्पेस’ असं बारसं याच महिन्यात झालं. पडद्यामागे मात्र एक किरकोळ काम चालू होतं. खातेदारांची ओळख सांभाळणाऱ्या सेवेला किती संसाधनं वापरू द्यायची, हा कोटा ठरवणारी यंत्रणा बदलली जात होती. नवी आली, पण जुनीचे काही भाग काढायचे राहिले. ते इमानेइतबारे वर कळवत राहिले, की या सेवेचा वापर शून्य. जगभरची माणसं ज्या दारातून दिवसरात्र ये-जा करतात, तिथे म्हणे कोणी फिरकतच नाही! कपात लागू व्हायला सवलतीची मुदत होती, म्हणून लगेच काही बिघडलं नाही.

सायं. ५.१३
मुदत संपलेली. यंत्रणेने आपणहून कोटा छाटला. भलतीसलती कपात अडवणाऱ्या तपासण्या होत्या, पण एखाद्याच सेवेचा वापर शून्य दिसेल, हे कोणी धरलं नव्हतं. क्षमतेचा पहिला इशारा वाजला, तेव्हा कॅलिफोर्नियात पहाटेचे पावणेचार व्हायचे होते.

५.१६
जीमेल, ड्राइव्ह, मीट, कॅलेंडर, सगळं एकदम. खात्यांच्या डेटाबेसमध्ये नवी नोंद लिहिणं थांबलं आणि पाहता पाहता असलेल्या नोंदी शिळ्या झाल्या. शिळ्या नोंदीवर विसंबून कोणालाही आत सोडायचं नाही, हा या सेवेचा सुरक्षेचा नियम. कंपनीने सकाळी ज्याचं खातं बंद केलं, तो संध्याकाळी आत शिरू नये असं वाटत असेल, तर नियम असाच कडक हवा. कोणी हॅकर नव्हता, पासवर्ड फुटला नव्हता. कुलपाने आपलं काम चोख केलं. मालकालाच चोर ठरवलं, एवढंच.

पुढची वीस मिनिटं
वर्ष लॉकडाउनचं, ऑफिस घरातल्या डायनिंग टेबलावर. राउटर बंद करून चालू करणं, वायफायवाल्याला फोन, सगळं करून झालं. इन्कॉग्निटो खिडकीत यूट्यूब मात्र मजेत चालत होतं, कारण तिथे ‘तू कोण’ असं विचारणारं कोणी नव्हतं. ज्यांनी हिशेबाचं, एचआरचं नि हेल्पडेस्कचं सॉफ्टवेअरही ‘साइन इन विथ गुगल’वर टांगलं होतं, त्यांची ती दारंही अडली. सिस्टिम अॅडमिनची पंचाईत आणखी वेगळी: तक्रारी त्याच्याकडे, आणि अॅडमिन कन्सोल उघडायलाही तेच लॉगिन. अशा वेळी कोणाला फोन करायचा, ती यादी ड्राइव्हवरच्या शीटमध्ये असली तर बोलायलाच नको. पण हसायचं कारण नाही. खुद्द गुगलची अंतर्गत साधनंही याच बिघाडाने अडखळत होती, आणि त्यापायी ‘सेवा बंद आहे’ हे जगाला कळवायलाही उशीर झाला.

५.३८
मूळ सापडलं.

५.५२
एका डेटा सेंटरमध्ये कोट्याची सक्ती उठवली. फरक लगेच दिसला.

५.५७
हाच उपाय सगळीकडे.

६.०३
सगळं पूर्ववत. ४७ मिनिटं.

दुसरा दिवस
अमेरिकेतल्या मंगळवारी जीमेलला दुसरा झटका बसला, तोही असल्याच एका यंत्रणाबदलातून. यावेळी दार उघडं होतं, पण मेल घेणाऱ्या सर्व्हरला कॉन्फिगरेशनमधून ‘जीमेल डॉट कॉम’ऐवजी भलतंच डोमेन मिळत होतं. येणाऱ्या मेलना उत्तर जाऊ लागलं: ५५०, असं खातंच नाही. मला हा प्रकार आदल्या दिवसापेक्षा वाईट वाटतो. तात्पुरती अडचण कळवली असती, तर पाठवणारा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. ५५० म्हणजे कायमचा नकार. मग तो प्रयत्न सोडून देतो. काही मेलिंग लिस्टनी तर चालू असलेले पत्ते मेलेले समजून यादीतून काढून टाकले, आणि ज्यांचे पत्ते गेले त्यांना ते कळवायचं कसं, तर मेलनेच.