माणदेशचा लांडगा आणि आपला मेंढपाळ

समाजाचा इतिहास लिहिताना आपण राजेरजवाडे, लढाया व देवस्थाने यांचा उल्लेख अगत्याने करतो. परंतु ज्या शत्रूसाठी आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या रात्री जागून काढल्या, त्या लांडग्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही ते घेत आहोत.

माण, खटाव, आटपाडी व जत या कमी पावसाच्या माळावर काळवीट, मेंढरू व लांडगा यांची वस्ती जुनी आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली दख्खनच्या प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत येथील लांडग्यास प्रथम शास्त्रीय नाव मिळाले. पुढे इंग्रजी अंमलात त्याच्या डोक्यावर इनाम लागले. साहेब शिकारी वाघाला मान देत, लांडग्याला मात्र केवळ उपद्रवी जनावर समजत. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात इनामापायी सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, असे इतिहासकारांचे अनुमान आहे. दुसरीकडे काळविटांचीही शिकार चालूच होती. कोल्हापूर दरबारी तर त्यासाठी चित्ते पाळीत. काळवीट विरळ झाला आणि लांडग्याच्या वाट्यास आपले मेंढरूच उरले.

आपल्या मेंढपाळाची दृष्टी निराळी होती. वाघर लावावी, कुत्री राखावीत, आळीपाळीने जागावे आणि एवढे करूनही एखादे कोकरू गेलेच, तर तो लांडग्याचा वाटा समजावा, असे आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी सांगत. सर्वच असे सोशिक होते असे नव्हे. बिळात धूर करून पिले मारणारेही आपल्यांत होते. तथापि लांडग्याचा वंशच बुडवावा, हा विचार माळावरचा नव्हता. तो कचेरीतून आला.

१९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. लांडगा मात्र टिकला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीस बंदी आली. आज देशात दोन-तीन हजारच लांडगे उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. टेंभू व म्हैसाळ योजनांचे पाणी दुष्काळी गावांत आले, हे इष्टच झाले. पण माळ नांगराखाली गेले आणि मेंढपाळ व लांडगा दोघांचीही जागा आकसली.

कायद्याने लांडग्यास अभय दिले, त्याचा भार मात्र वाड्यावरच्या कुटुंबाने सोसावा, हा न्याय नव्हे. लांडग्याने मारलेल्या मेंढराची भरपाई देण्याची शासनाची तरतूद आहे. परंतु ती वेळेत खबर देणाऱ्यास व पंचनामा करून घेणाऱ्यास मिळते. आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात असणाऱ्या आपल्या बांधवास ते कसे साधावे? यास्तव आमची सूचना अशी की, संघाने तालुकावार एक शिकलेला तरुण नेमावा. त्याने अशा हानीची नोंद ठेवावी आणि वनखात्याकडे अर्ज करून द्यावा. पूर्वी वाड्यावर आळीपाळीने जागत असत. आता कागदासाठीही कोणीतरी जागले पाहिजे.