शाळेतल्या वैद्यकीय तपासणीची कुळकथा

शाळेत डॉक्टरांनी येऊन मुलांचे घसे, डोळे, दात तपासण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रुजली ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या शहरी शाळांत, आणि तिला निमित्त झाले साथीच्या रोगांचे.

1870 च्या शिक्षण कायद्याने ठिकठिकाणी स्कूल बोर्डे स्थापन झाली. 1880 मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. गल्लीपुरती खेळणारी मुले साठ-साठच्या वर्गात एकमेकांना खेटून बसू लागली. गोवर, डांग्या खोकला, घटसर्प आणि स्कार्लेट फीवर यांचे आयतेच फावले. पाटीवर थुंकायचे, बाहीने पुसायचे, आणि तास संपला की तीच पाटी दुसऱ्या मुलाच्या हाती जायची.

त्यात भर पडली अनुदानाच्या नियमांची. 1862 पासून सरकारी अनुदान हजेरीवर आणि परीक्षेच्या निकालावर ठरत असे. त्यामुळे आजारी मुलाला घरी ठेवणे शाळेला परवडत नसे. परीक्षेच्या दिवशी अंगात ताप असलेली, डांग्या खोकल्याने बेजार झालेली मुलेसुद्धा पांघरुणात गुंडाळून निरीक्षकापुढे आणली जात. याचा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. त्यांचा पगारच त्या अनुदानावर अवलंबून होता.

1889 च्या कायद्याने लंडनमधील डॉक्टरांना ठरावीक संसर्गजन्य रोगांची खबर देणे बंधनकारक झाले. लहानग्यांचे सर्वाधिक बळी घेणाऱ्या रोगांपैकी गोवर आणि डांग्या खोकला मात्र त्या यादीत नव्हते, ही मोठीच उणीव होती. तरीही या नोंदींचा उपयोग झाला. लंडन काउंटी कौन्सिलचे आरोग्य अधिकारी शर्ली मर्फी यांना 1890 च्या दशकात त्यांतून दिसले, की ऑगस्टच्या सुट्टीत घटसर्पाचे रुग्ण घटतात आणि शाळा उघडल्यावर पुन्हा वाढतात.

मग शाळाच बंद ठेवावी, तर मुले गल्लीबोळांत एकत्र जमतच. आजारी मुलांना तेवढे घरी पाठवावे, तर गोवर पुरळ उठण्याआधीच पसरतो आणि सौम्य घटसर्प साध्या घसादुखीसारखा वाटतो. तेव्हा जाणत्या नजरेने एकेक मूल तपासण्याची गरज पटू लागली. लंडनच्या स्कूल बोर्डाने 1890 मध्ये आणि ब्रॅडफर्डच्या बोर्डाने 1893 मध्ये वैद्यकीय अधिकारी नेमले. ब्रॅडफर्डचे जेम्स केर यांनी या कामाला खरी दिशा दिली. अटलांटिकपलीकडे बॉस्टनमध्ये घटसर्पाच्या साथीनंतर 1894 पासून डॉक्टर रोज शाळांत जाऊ लागले.

मुलांना शाळेत येण्याची सक्ती करणाऱ्या सरकारने त्यांच्या आरोग्याची जबाबदारी कायद्याने पत्करायला मात्र 1907 साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने इंग्लंडमधील सरकारी प्राथमिक शाळांत वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली.

भारतात अशी पहिली तपासणी 1909 मध्ये बडोदा शहरात झाली. सयाजीराव गायकवाडांनी त्याआधी तीनच वर्षे, 1906 मध्ये, आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते.