परसातल्या तणांची बखर

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला जे उटणे लागते त्यात नागरमोथा असतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. हा नागरमोथा म्हणजे न्हाणीच्या पाण्यावर परसात माजणाऱ्या लव्हाळ्याच्या, किंवा त्याच्या भाऊबंदांच्या, जमिनीखालच्या काळ्या सुवासिक गाठी होत, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसते. वैद्यांनी मुस्ता म्हणून जिचा आदर केला ती वनस्पती वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात शिरली की घरधनिणीची वैरीण होते. १९७७ साली होल्म नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह जगातील अत्यंत उपद्रवी तणांचा एक जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक या लव्हाळ्याचा आहे. ९२ देशांत आणि ५२ पिकांत तो ठाण मांडून बसला आहे, असा त्यांचा हिशेब. आणि दुसरा क्रमांक कोणाचा? हरळीचा, म्हणजे आपल्या दूर्वांचा! जगाने वाळीत टाकलेल्या या दोघांपैकी एकाला आपण अभ्यंगाच्या वाटीत जागा दिली आणि दुसरीला गणपतीच्या मस्तकावर. परसातल्या तणांची हकीकत सांगायची तर ती इथूनच सुरू करावी लागते.

कारण तण ही काही वनस्पतींची जात नव्हे. नको त्या जागी, नको त्या वेळी उगवलेल्या झाडाला माणसाने लावलेले ते विशेषण आहे, आणि विशेषणे काळाबरोबर बदलतात. देशावर ज्याला खुरपणी म्हणतात, कोल्हापूर-सांगलीकडे भांगलण, विदर्भात निंदण आणि कोकणात बेणणी, ते काम पिढ्यान् पिढ्या बायकांनी केले. पुरुषाचा नांगर, बाईचे खुरपे, ही वाटणी शेतात होतीच. परसात तर नांगर शिरतच नसे, तेव्हा तिथले सगळेच राज्य खुरप्याचे. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न न खाता हाताने पिकवलेली भाजी खाण्याचा जो आपल्याकडे रिवाज आहे, त्यात या राज्याची खूण शिल्लक राहिली आहे असे मला वाटते.

या खुरप्याने निघालेले तण फेकले जात नसे. त्याची जागच्या जागी वाटणी होई. घोळ, चिवळ, तांदुळजा, केना, पाथरी, कुर्डू, कोवळा टाकळा ही मंडळी सुपात पडत आणि संध्याकाळी लसणीच्या फोडणीला लागत. हरळी आणि इतर गवत गोठ्यात जाई. आघाडा, दूर्वा, माका ही श्रावण-भाद्रपदात पत्री म्हणून देवाकडे जात. उरेल ते उकिरड्यावर. भाजी तयार होण्याआधी जे तण उपटायचे तीच पावसाळ्यातली पहिली भाजी होती. पेरलेली वांगी-गवार हाती लागेपर्यंतचे दिवस तिने निभावले जात. तणनियंत्रण असा भारदस्त शब्द त्या बायकांना कोणी ऐकवला असता तर त्या हसल्या असत्या. त्या भाजी खुडत होत्या.

लव्हाळा मात्र या व्यवस्थेला कधीच पुरता वश झाला नाही. महापुरात झाडे वाहून जातात आणि लव्हाळा वाचतो, तो वाकतो म्हणून, असे तुकोबांनी मराठी माणसाला सांगून ठेवले आहे. परसातला आपला लव्हाळा नम्रतेवर जगत नाही; तो जगतो जमिनीखालच्या ठेवीवर. त्याच्या गाठी बारीक तंतूंनी माळेसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ कोंब धरते आणि मागच्या बहुतेक निजून असतात. वरवर खुरपून माळ तोडली की निजलेल्या गाठी जाग्या होतात, आणि एका पात्याच्या जागी चार पाती उभी राहतात. म्हणजे अर्धवट खुरपणी ही त्याची लागवडच होय! त्यावर जुने उपाय दोनच. एक, चैत्र-वैशाखात वाफा वीतभर खोल खणून गाठी उन्हात उघड्या टाकायच्या, कारण सुकणे त्यांना सोसत नाही. दुसरा, सावली. तांबडा भोपळा किंवा रताळ्याचा वेल जमीन झाकून टाकतो, आणि लव्हाळ्याला सावली मुळीच मानवत नाही. आमच्या परसांत भोपळ्याचा वेल सैल सोडण्याची जी पद्धत दिसते ती निव्वळ आळसाची नसावी.

येथवरची कहाणी घरच्या तणांची. पोर्तुगीज गलबतांबरोबर अमेरिकेतून मिरची आली, पेरू आला, पुढे बटाटा-टोमॅटो आले, आणि आपल्या परसाचे रूपच पालटले. अमेरिकेतून तणेही आली. ती कोणत्या गलबतातून उतरली हे कुणी लिहून ठेवले नाही. पिवळा धोत्रा मूळचा मेक्सिकोकडचा. त्याचे बी मोहरीसारखे दिसते, आणि त्याच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाली की माणसे सुजून मरतात. १९९८ साली दिल्लीत असे पुष्कळ बळी गेले. एकदांडीही त्याच खंडातली. पण ती इथे इतकी रुळली की खेड्यात विळा लागला तर आजही तिचाच पाला चुरून जखमेवर दाबतात. दगडीपाला हे तिचे दुसरे नाव ऐकून ती परदेशी आहे असे कोण म्हणेल? परक्या तणालाही काही काम नेमून देऊन घरात घ्यायचे, ही रीत तोवर टिकून होती.

ती मोडली गाजरगवताने. १९५६ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे आर. एस. राव यांनी पुण्यात आढळलेल्या या झाडाची नोंद मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे त्याला काँग्रेस गवत हे नाव पडले, आणि ते पी. एल. ४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर आले ही हकीकत घरोघर झाली. इतिहास लिहिणाऱ्याने येथे तारखा पाहाव्यात. पी. एल. ४८० चा कायदा १९५४ चा. भारताशी त्याखालचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. ज्या वर्षी करार झाला त्याच वर्षी झाडाची नोंद छापून येते, तेव्हा या करारातल्या गव्हावर ठपका ठेवणे कठीण आहे. अमेरिकन गहू कर्जाऊ आला होता तो मात्र १९५१ च्या कायद्याने, त्यामुळे गव्हाला सर्वस्वी निर्दोष म्हणून सोडताही येत नाही. लोकांनी एका राजकीय पक्षाचे नाव गवताला चिकटवले यात वनस्पतिशास्त्र थोडे आणि रेशनच्या रांगेतला वैताग अधिक, असे माझे मत आहे.

नावाचे काही असो, या गवताने वाटणीची जुनी रीतच निकालात काढली. ते गाय तोंडात धरीत नाही, देवाला चालत नाही, आणि माणसाने खाण्याचा प्रश्नच नाही. एकेका झाडाला हजारोंनी बी, तेही वाऱ्यावर आणि वाहत्या पाण्यावर जाणारे. उपटायला जावे तर हाताला खाज, आणि काहींच्या अंगावर असा त्वचारोग उठतो की तो वर्षानुवर्षे हटत नाही. १९७० नंतरच्या दशकात पुण्याच्या वैद्यकांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. ज्या हातांनी शतकानुशतके खुरपे धरले ते हात या तणाने पहिल्यांदा दूर सारले.

मग बाटलीतली औषधे आली. ग्लायफोसेट हे त्यातले प्रसिद्ध. १९७४ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. दहा फूट वाफ्यात त्याचे काय काम, हे मला कधीच उमगले नाही. ते हिरवे तेवढे मारते. तांदुळजा आणि मेथी त्याला सारखीच. यापेक्षा मेक्सिकोहून १९८३ मध्ये आणलेला भुंगेरा बरा. त्याची नीट परीक्षा करून १९८४ मध्ये बंगलोरला त्याला सोडले. पावसाळ्यात तो गाजरगवताची पाने चाळणीसारखी करतो. मात्र थंडी पडली की जमिनीत शिरून झोपतो, आणि गवत नसते झोपत.

खरा प्रतिस्पर्धी निघाला तो आपला टाकळा. पहिल्या पावसात तो गाजरगवताच्या आधी दाट उगवतो आणि त्याला वर येऊ देत नाही. म्हणून कृषी खात्याचे लोक सांगू लागले की कुंपणाच्या कडेला आणि पडीक तुकड्यात टाकळ्याचे बी फेका. आज्यांनी ज्याला तण म्हणून उपटले आणि भाजी म्हणून शिजवले, तोच आता मुद्दाम पेरायचा! शहरातल्या नव्या सुनांना तो ओळखूही येत नाही. त्याच्या लांबट शेंगा कार्तिक-मार्गशीर्षात पिकून तडकतात. त्या तडकण्याआधी तोडून बी डब्यात भरून ठेवावे आणि मृगाच्या आधी कडेकडेने फेकावे. रोपे चार बोटे झाली की अर्धी भाजीला खुडावीत, अर्धी गवताच्या बंदोबस्तासाठी राहू द्यावीत.