सेंट जॉन चर्च, कोंडिविटे

मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरीजवळील भग्न ख्रिस्ती प्रार्थनामंदिर. साष्टीवर पोर्तुगीज अंमल असताना जेझुइटांनी १५७९ मध्ये ते बांधले. सेंट जॉन म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान. यशया संदेष्ट्याने भाकीत केलेला मसीहाचा अग्रदूत तो हाच, असे शुभवर्तमाने सांगतात. त्याच्या नावाशी निगडित असलेला बाप्तिस्मा हा संस्कार मानवी पुण्याईचे फळ नसून ईश्वरी कृपेचे दान आहे, अशी ख्रिस्ती शिकवण आहे. सु. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे हे चर्च ओस पडले व उपासना मरोळ येथील नव्या चर्चमध्ये होऊ लागली. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यातक्षेत्राच्या आवारात त्याचे अवशेष आहेत. चर्च म्हणजे मूलतः वास्तू नव्हे, तर उपासकांचा समुदाय, ही ख्रिस्ती धारणा या स्थलांतरात प्रत्ययास येते.